एका डब्याचं सीमोल्लंघन

आमच्या घरमालकांना "कसे आहात?" असं विचारलं की ते "काहून?" असं उलट विचारत. नुसतं विचारत नसत, उत्तराची वाट बघत थांबतही. मी ऑफिसला निघालेला, हातात जेवणाचा डबा, खांद्याला बॅग, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून खरोखरच विचारात पडे, की हा माणूस कसा आहे हे मला का जाणून घ्यायचं असेल? एकदा मी म्हणालो, "सहज."

"सहज काही विचारू नये," ते म्हणाले. "माणूस खरं सांगून बसतो."

आणि फाटकाला कुलूप लावून ते आत गेले. मी फाटकाच्या आतच होतो.

फाटकाच्या त्या कुलपाचाही मला कधी उलगडा झाला नाही. ते घरात असले की फाटक कुलूपबंद, आणि बाहेर गेले की सताड उघडं. मी एकदा भीत भीत विषय काढला. ते म्हणाले, "मी घरात असलो तर कोणी येऊन मला त्रास देऊ शकतं. मी नसताना कोण कोणाला त्रास देणार?" मी म्हणालो, "अहो, पण वर आम्ही राहतो." ते म्हणाले, "तुम्ही आहात म्हणूनच तर उघडं ठेवतो." हे उत्तर ऐकताना अगदी बरोबर वाटलं होतं. वर जाऊन बायकोला समजावून सांगायला लागलो तेव्हा त्यातलं काहीच मला सांगता येईना.

बँकेनं मला सांगलीहून उचलून जयपूरला टाकलं, तेव्हा तिलक नगरमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला आम्हाला भाड्यानं मिळाला. परमुलखात मराठी घरमालक मिळाला म्हणून बायकोनं देवापुढे साखर ठेवली. पुढे कधी कधी ती त्या साखरेबद्दल हळहळायची. ते मूळचे अमरावतीचे. केंद्र सरकारच्या कुठल्याशा हिशेब खात्यातून जयपूरला आले, इथंच निवृत्त झाले, इथंच राहिले. पत्नी वारलेली. एकच मुलगी, ती नागपूरला कॉलेजात शिकवायची. वय ऐंशीच्या पुढं, अंग सडसडीत, आवाज खणखणीत. इतक्या वर्षांत जयपूरची हिंदी त्यांनी आत्मसात केली होती, पण वऱ्हाडी सोडली नव्हती. रागावले की दोन्ही एकदम यायच्या.

सगळ्यात मोठा घोळ त्यांच्या "नको"चा होता. अंगणात लिंबाचं झाड होतं. पहिल्या वर्षी ते वर येऊन म्हणाले, "लिंबं लागली आहेत, पण काही कामाची नाहीत. नेऊ नका." आम्ही सरळ माणसं, नेली नाहीत. आठवडाभर ते आमच्याशी बोलले नाहीत. लिंबं झाडाखाली पडून पिवळी पडली, वाळली. मग एक दिवस बायको न विचारता ओंजळभर लिंबं घेऊन आली, तेव्हा म्हातारबोवा खाली उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "घ्या, घ्या, लुटून न्या!" आणि दिवसभर खुशीत होते.

त्यावरून आम्ही धडा घेतला, की यांचं नको म्हणजे हो. मग त्याच उन्हाळ्यात ते काही दिवसांसाठी नागपूरला मुलीकडे निघाले आणि जाताना मला बजावून गेले, "झाडाला पाणी घालू नका." मी मनातल्या मनात हसलो आणि रोज सकाळी बादलीभर पाणी घातलं. परत आल्यावर त्यांनी झाडाच्या बुंध्याजवळची ओली माती चिमटीत घेतली आणि कपाळाला हात लावला. ते झाडाला ताण देत होते. पाणी तोडायचं, झाड जरा तहानेलं ठेवायचं, म्हणजे मग बहार चांगला धरतो. अमरावतीकडे संत्र्याच्या बागा अशाच सांभाळतात म्हणे. "मी नाही म्हणालो होतो ना जी?" एवढंच ते म्हणाले. त्या वर्षी लिंबं फार थोडी आली. तेव्हापासून त्यांनी काही म्हटलं की मी आणि बायको एकमेकांकडे बघायचो, आणि दोघांपैकी कोणालाच काही कळलेलं नसायचं.

एक गोष्ट मात्र पक्की होती. शब्द दिला की दिला. त्यांना चहा अतोनात आवडे, पण ते चहा पीत नसत. फार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याशी कसलीशी पैज लागली होती आणि ते हरले होते. हरणाऱ्यानं जन्मभर चहा सोडायचा, असं ठरलं होतं. तो सहकारी केव्हाच वारला. तरी हे आपले चार वाजले की आमच्याकडे वर यायचे, आणि बायको चहा उकळत असताना स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून वास घ्यायचे. मी म्हणालो, "ज्यांना शब्द दिला ते गृहस्थ आता नाहीत. कशाला पाळता?"

"नाहीत म्हणून तर," ते म्हणाले. "असता तर कधी तरी म्हणाला असता, पी बाप्पा, पी आता. आता कोण म्हणणार?"

आणि वास घेऊन झाला की ते उठून खाली जायचे.

पोर्चमध्ये त्यांची गाडी उभी असे. त्या गाडीचं वय त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण माझ्यापेक्षा ती नक्की मोठी होती. पाठीला गोल, नाकाला बुटकी, मुंबईकडे त्या जातीच्या गाडीला लोक डुक्कर म्हणायचे. पुढची दारं उलट्या बाजूनं उघडत, त्यामुळे चढणारा हमखास चुकीच्या ठिकाणी उभा राही. जुन्या धोतराच्या तुकड्यानं ते तिला रोज पुसत, पण चालवत मात्र क्वचित. हॉटेलवाले येऊन विचारत, "बाऊजी, गाड़ी बेचोगे? लॉबी में रखेंगे." हे विचारत, "क्यों?" हॉटेलवाला उत्तर शोधत उभा राही आणि मला त्याची फार दया येई.

ही गाडी वर्षातून एकदा, ठरवून, न चुकता बाहेर निघे. दसऱ्याला.

दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, म्हणजे गावाची वेस ओलांडून यायचं, हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं आणि आपण कोणीही ते करत नाही. आपण पानं वाटतो, श्रीखंड चापतो आणि दुपारी ताणून देतो. ते मात्र जयपूरला आल्यापासून दर दसऱ्याला गाडीची पूजा करून शहराची सीमा ओलांडून येत. यात एक अडचण होती. जयपूरची सीमा एका जागी थांबत नव्हती. त्यांनी सुरुवात केली तेव्हा टोंक रोडनं सांगानेरच्या अलीकडेच शेतं लागत. पुढे सांगानेर शहरात आलं. विमानतळ वाढला, कारखाने आले, कॉलेजं आली, वसाहती आल्या. सीमा दरसाल थोडी थोडी पुढं सरकत गेली, आणि हे दरसाल तिच्या मागे.

बरं, पेट्रोलचं माप मात्र सुरुवातीपासूनचं. तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा होता. उभ्या गाडीत पेट्रोल सडतं म्हणून वर्षभर टाकी जवळजवळ कोरडी ठेवायची, आणि दसऱ्याला सकाळी तो डबा भरून आणून टाकीत ओतायचा. तेवढ्यात जायचं आणि तेवढ्यातच यायचं. मी म्हणालो, "सीमा लांब गेली, मग डबा मोठा घ्या ना."

"डबा मोठा केला तर मग सीमोल्लंघनात काय राहिलं?"

मी मान हलवली. त्यांच्याशी बोलताना मी फार मान हलवत असे.

पहिल्या वर्षी ते मला बरोबर घेऊन गेले. सीमा कशी ओळखायची, याचा त्यांचा नियम होता: रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेत दिसलं पाहिजे. एका ठिकाणी मी आनंदानं म्हणालो, "हे बघा, शेत!" त्यांनी बोट केलं. शेतात पाटी होती, 'प्लॉट बिकाऊ है'. "हे शेत नव्हे," ते म्हणाले. "हे शहरानं तोंडात टाकलेलं आहे. फक्त गिळायचं राहिलं." पुढं एका बाजूला बाजरीची कापलेली ताटं आणि दुसऱ्या बाजूला मॅरेज गार्डन लागलं. त्यावर आमचा बराच वाद झाला. मला वाटू लागलं, की आपण आता थेट कोट्यालाच जेवायला जाणार. शेवटी एकदाची दोन्ही बाजूंना बिनपाटीची शेतं लागली. ते उतरले, एका खेजडीच्या झाडाची चार पानं तोडली आणि माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "घ्या सोनं. आपटा इथं शोधत बसू नका. खेजडी म्हणजे आपली शमीच." परत येताना गाडीनं पोर्चमध्ये शिरल्या शिरल्या मान टाकली. डबा बरोबर पुरला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते न्हाणीघरात पडले. हाक मारली नाही. बादलीवर तांब्या आपटत राहिले. बायकोला वाटलं, खाली नळाचं काम चाललंय. बऱ्याच वेळानं तिच्या मनात काही आलं आणि ती धावत खाली गेली. हाड मोडलं नव्हतं, पण ते पडून होते आणि ओशाळलेले होते. "उगाच आलात," ते तिला म्हणाले. त्या दिवशी बायको वर येऊन रडली.

मुलीनं तेव्हाच त्यांना नेण्याचा हट्ट धरला, आणि ते "पाहू, पाहू" करत राहिले. मग नवरात्रात ती स्वतः आली. पन्नाशीला टेकलेली, बापासारखीच सडसडीत, आणि बापासारखाच खणखणीत आवाज. दोघांचं भांडण आम्हाला जिन्यात उभं न राहताही ऐकू येत होतं.

"बाबा, तुम्ही एकटे काहून राहता इथं? चला नागपूरला."

"मी एकटा कुठं आहे? वर हे लोक आहेत."

"ते बदलीचे लोक आहेत, बाबा. उद्या ऑर्डर आली की चालले."

मला राग आला. पण बोलली ते खोटं नव्हतं. मग खालून त्यांचा आवाज आला.

"असं कर. परवा दसरा आहे. माझ्या गाडीनं, माझ्या डब्यात, सीमोल्लंघन झालं, तर मी इथंच राहीन, आणि तू पुन्हा विषय काढायचा नाही. नाही झालं, तर तू म्हणशील तिथं येतो."

"शब्द?"

"शब्द."

चहाचं मला ठाऊक होतं. हा माणूस आता कुठल्याही बाजूनं मागं फिरणार नव्हता. गेल्या वर्षीच डबा काठोकाठ लागला होता, आणि त्यानंतर टोंक रोडला आणखी दोन वसाहतींच्या पाट्या लागलेल्या मी स्वतः पाहिल्या होत्या. मी मनानं पूर्णपणे त्यांच्या बाजूचा होतो. आपल्या घरातून, आपल्या झाडापासून म्हाताऱ्या माणसाला उचलून न्यायचं हे मला बघवणार नव्हतं. मी हळूच जाऊन म्हणालो, "आज संध्याकाळी पंपावर नेऊन टाकी भरून आणू का? कोणाला कळणार नाही."

"राहू द्या," ते म्हणाले. "डबा तोच राहील."

बाणेदार माणूस, मी मनात म्हणालो.

दसऱ्याला सकाळी त्यांनी एकट्यानंच डबा आणून टाकीत ओतला. मग गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. बायको चक्का फेटायला घरी थांबली. ते स्टीअरिंगवर, मी शेजारी, मुलगी मागे. सांगानेर गेलं. कारखाने गेले. मी दोन्ही खिडक्यांतून शेतं शोधत होतो आणि दोन्हीकडे भिंती दिसत होत्या. मग लांबवर, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, बाजरीचं कापलेलं रान दिसलं. पाटी नाही, भिंत नाही, काही नाही. "आलं! तिथं आहे!" मी ओरडलो, आणि गाडीनं उचकी दिली. दुसरी दिली. अर्धवट बांधलेल्या दुकानांच्या एका रांगेसमोर ती हळूहळू कडेला गेली आणि थांबली.

शेत समोर दिसत होतं. एखादा माणूस तिथं चालत जाऊन आला असता.

"ढकलू या," मी म्हणालो.

"ढकलून नेलेलं सीमोल्लंघन होत नाही," ते म्हणाले.

मुलीनं आता फक्त मागच्या सीटवर बसून राहायचं होतं. ती जिंकली होती. पण तिनं बापाच्या पाठमोऱ्या मानेकडे थोडा वेळ पाहिलं, दार उघडलं, डिकीतून तो रिकामा डबा काढला, रस्त्यावर हात करून एक टेम्पो थांबवला आणि ड्रायव्हरशेजारी चढून पेट्रोल आणायला निघून गेली. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत मी तोंड उघडं टाकून उभा होतो. जिच्या विरुद्ध पैज होती तीच पेट्रोल आणायला गेली, याचा अर्थ काय लावायचा?

मी गाडीत येऊन बसलो. मला वाटलं, आता यांना धीर द्यायला हवा. पण ते कुठलंसं भजन गुणगुणत होते. खिशातून भाजलेल्या शेंगांची पुडी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. मोटारसायकलवरून दुधाच्या कॅन घेऊन जाणारा एक जण थांबला. "काईं होग्यो, बाऊजी?"

"कुछ नहीं भैया, तेल ख़तम," ते म्हणाले. "हार गए." आणि चक्क हसले.

तो गेल्यावर मला म्हणाले, "नागपूरला आता उकाडा कमी झाला असंल, नाही?"

काय हिंमतीचा माणूस आहे, मी मनात म्हणालो. सगळं हरला तरी चेहऱ्यावर दाखवत नाही.

मुलगी डबा भरून आली. पेट्रोल ओतलं. त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन घरघरलं, पेटलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. हळूहळू बॅटरीचा आवाज बसत गेला. ते खाली उतरून रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले.

"झालं," ते म्हणाले. "टाकी कोरडी पडली की नळीत हवा भरते. मग पेट्रोल वर येत नाही. राहू द्या आता."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मे महिन्यात पोर्चमध्ये हीच तऱ्हा झाली होती, आणि यांनीच मला करून दाखवलं होतं. टाकीच्या तोंडाभोवती फडकं गच्च आवळायचं, त्यातून तोंडानं आत जोरात फुंकायचं, म्हणजे त्या दाबानं पेट्रोल नळीतून पुढं सरकतं आणि पंपाच्या काचेच्या वाटीत येतं. वाटी भरली की काम झालं. मी दसऱ्याचा नवा रुमाल काढला.

"राहू द्या हो," ते दगडावरून म्हणाले.

"थांबा तुम्ही," मी म्हणालो.

"उगाच पोटात पेट्रोल जाईल. राहू द्या म्हणतो ना!"

एव्हाना त्यांच्या बोलण्याचा उलटा अर्थ लावण्यात माझा हात बसला होता, निदान मला तसं वाटत होतं. ते जितक्या जोरात राहू द्या म्हणाले तितक्या जोरात मी फुंकलं. गाल दुखले, डोळ्यांपुढं काजवे चमकले, नाकातोंडात वाफ गेली. मुलगी बॉनेट उघडून काचेच्या वाटीवर डोळे लावून वाकली होती. बराच वेळ काही नाही. मग ती ओरडली, "आलं! दादा, आलं!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते आनंदाचं असावं असं मी धरून चाललो.

बॅटरी तर मेली होती. डिकीतून हँडल काढून मी गाडीच्या नाकात घातलं. आत कोणी तरी बसून चोक ओढायला आणि ॲक्सिलरेटर सांभाळायला हवा होता.

"बाबा, बसा ना," मुलगी म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बसू?"

"बसा."

"पक्कं?"

"बसा म्हणते ना, बाबा."

ते उठले, कपडे झटकले, उलटं दार उघडून आत बसले. मी हँडल मारलं. एकदा, दोनदा, आणि मग त्या म्हाताऱ्या गाडीनं खोकून धूर सोडला आणि ती चालू झाली. मी रस्त्यात नाचलो. वयाला शोभत नव्हतं, पण नाचलो.

आम्ही शेतापर्यंत गेलो. दोन्ही बाजूंना रान, वर स्वच्छ आभाळ. त्यांनी खेजडीची पानं तोडली आणि मुलीच्या हातावर ठेवली. ती पाया पडली आणि म्हणाली, "जिंकलात, बाबा. राहा आता इथं. मी काही म्हणणार नाही." त्यांनी मान हलवली. डबा एकदाच भरला की दोनदा, हा प्रश्न मी काढला नाही, तिनंही काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. परत येताना मीच एकटा बडबडत होतो. जेवताना श्रीखंडाला पेट्रोलचा वास येत होता, तरी मी दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी नागपूरला गेली. संध्याकाळी मी ऑफिसमधून आलो, तर ते पोर्चमध्ये गाडीच्या पायरीवर बसले होते. हातात फडकं होतं, पण पुसत नव्हते. मी उत्साहानं म्हणालो, "काय, मारली की नाही बाजी!"

"तुम्हाला फुंकायला कोणी सांगितलं होतं जी?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"मी राहू द्या म्हणालो होतो. किती वेळा म्हणालो." त्यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "डबा मी अर्धाच भरला होता, बाप्पा."

मी त्यांच्याजवळ खाली फरशीवर बसलो. "अहो, मग सरळ सांगायचं ना तिला, की येतो म्हणून!"

"कसं सांगू? तिचं घर आहे, जावई आहे, तिचे स्वतःचे व्याप आहेत. मी येतो म्हटलं तर तिला नाही म्हणता येईल का? आपणहून कोणाच्या दारात उभं राहायचं मला जमत नाही. हरलो असतो तर निमूट गेलो असतो. शब्दाचा बांधलेला म्हणून." त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "रात्रीची भीती वाटते आता. न्हाणीत पडलो तेव्हापासून. तुम्ही वर असता, तरी वाटते."

इतकं सरळ बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी उठून वर गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं, जसं कळलं तसं, म्हणजे अर्धवटच. मुलीनं मग पेट्रोल का आणलं, ती का रडली, यांनी "बसू?" असं का विचारलं, मी नक्की कोणाचं भलं केलं, मला काही जुळवता येत नव्हतं. बायको गॅस बंद करून माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, हरलेल्या माणसाला घेऊन जातात," ती म्हणाली. "जिंकलेल्याला कोण नेणार?"

आणि तिनं तिथल्या तिथं नागपूरला फोन लावला. अर्ध्या डब्याचं सांगितलं, न्हाणीचं सांगितलं, भीतीचं सांगितलं. मग मुलीचं बोलणं मलाही ऐकू आलं. "वहिनी, ते तसे पाठमोरे बसले होते ना, ते मला बघवलं नाही. म्हटलं, मला हरलेले बाबा नको घरी. त्यांना जिंकून राहायचं असेल तर राहू दे. म्हणून गेले पेट्रोल आणायला." आणि मग, "ते आहेत का खाली? द्या त्यांना."

बायकोनं फोन माझ्या हातात कोंबला. मी जिना उतरून त्यांच्यापुढे धरला.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"घ्या तर."

त्यांनी फोन कानाला लावला आणि ऐकत राहिले. मी जावं की थांबावं हे न कळून तिथंच उभा राहिलो. "हो," ते म्हणाले. "नाही, ऐकून राहिलो." मग ते उठून उभे राहिले. "माझं मी येईन ना, माय," ते सवयीनं म्हणाले, "तिकिटाचं मी पाहतो, तू काहून एवढ्या लांब..."

ते अडखळले. दुसऱ्या हातानं त्यांनी गाडीचं दार धरलं.

"नाही. असं कर. तुझ्या पहिल्या दिवाळीला मी तुझ्या सासरी आलो होतो, आठवते? तशी ये तू. मला न्यायला ये."